इलास्टिकसर्चसाठी लो-लेव्हल क्लायंट घ्यायचा की हाय-लेव्हल? पायरीपायरीने ठरवूया

पायथनमधून इलास्टिकसर्च, म्हणजे मजकूर शोधण्याचं इंजिन, वापरायला घेतलं की पहिल्याच दिवशी दोन नावं समोर येतात, एक इलास्टिकसर्च-पाय (लो-लेव्हल) आणि दुसरं इलास्टिकसर्च-डीएसएल (हाय-लेव्हल, थोडक्यात डीएसएल). दोन्ही ऑफिशियल, दोन्हीची डॉक्युमेंटेशन चांगली, आणि दोन्हीकडे तेच उदाहरण वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं. मग साहजिकच प्रश्न पडतो की यातलं कुठलं चांगलं. पण प्रश्न असा विचारला की गाडी तिथेच अडते, कारण या दोघांची स्पर्धाच नाहीये, डीएसएल आतून इलास्टिकसर्च-पायच वापरतं. म्हणजे लो-लेव्हल तर तुमच्याकडे असणारच आहे, ठरवायचं फक्त एवढंच की त्याच्या वरचा थर कुठल्या कामाला घ्यायचा आणि कुठल्या कामाला तो मध्ये येऊ द्यायचा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पटलं तर पुढे वाचा. क्वेरी आधी कच्च्या जेसनमध्ये लिहायला शिका, आणि लायब्ररी प्रोजेक्टप्रमाणे नाही तर कामाप्रमाणे निवडा. एकाच कोडबेसमध्ये दोन्ही असणं यात काहीही गैर नाही, उलट मध्यम आकाराच्या प्रोजेक्टमध्ये तेच बरं पडतं.

उदाहरणं पायथनची देतोय कारण तिथे हे दोन थर सगळ्यात स्पष्ट दिसतात, बाकी भाषांबद्दल शेवटाकडे येतो.

पायरी १: तारेवरून नक्की काय जातं ते बघा

लायब्ररी इन्स्टॉल करायच्या आधी किबानाचं (इलास्टिकसर्चचा ब्राउझरमधला यूआय) डेव्ह टूल्स उघडा, किंवा किबाना नसेल तर कमांड लाइनवरचं कर्ल चालेल, आणि हाताने एक सर्च मारा. इलास्टिकसर्च डीफॉल्टने ९२०० पोर्टवर एचटीटीपी ऐकतं, तुम्ही जेसन पाठवता, ते जेसन परत देतं, बस. आवृत्ती ८ पासून सिक्युरिटी आपोआप चालू असते त्यामुळे एचटीटीपीएस आणि पासवर्ड किंवा एपीआय की लागते, तेवढं सोडलं तर यात काहीही जादू नाही.

पूर्वी असं नव्हतं. जावावाल्यांकडे ट्रान्सपोर्ट क्लायंट होता, तो ९३०० पोर्टवर क्लस्टरमधले नोड (सर्व्हर) एकमेकांशी जसे बोलतात तशा बायनरी भाषेत बोलायचा आणि त्यामुळे सर्व्हर आणि क्लायंटची आवृत्ती जुळवत बसणं हा कायमचा डोक्याला ताप असायचा. ७.० मध्ये तो डेप्रिकेट झाला आणि ८.० मध्ये काढूनच टाकला. आता सगळ्या भाषांचे सगळे ऑफिशियल क्लायंट शेवटी एकच काम करतात, एचटीटीपीवरून जेसन पाठवणं. हे डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण कुठलीही लायब्ररी घेतली तरी शेवटी तयार होणारं जेसन बघून तुम्ही चूक शोधू शकता.

तर या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या. मॅच, टर्म, रेंज, बूल हे क्वेरीचे प्रकार, आणि बूलमधले मस्ट, फिल्टर, शुड, मस्ट-नॉट हे चार कप्पे, एवढं हाताने लिहून बघा. मस्टमधली अट स्कोअरमध्ये (निकाल किती जुळतो त्याच्या गुणांमध्ये) धरली जाते, फिल्टरमधली धरली जात नाही, ती फक्त हो की नाही सांगते आणि म्हणून कॅशही करता येते. हा फरक कुठलीही हाय-लेव्हल लायब्ररी तुमच्यासाठी ठरवत नाही, तो तुम्हालाच कळायला लागतो. डीएसएल वापरलं की क्वेरीची भाषा शिकायला लागत नाही असा समज बऱ्याच जणांचा असतो, तो साफ चुकीचा आहे.

पायरी २: लो-लेव्हल क्लायंट काय करतो आणि काय करत नाही

लो-लेव्हल म्हणजे नुसता एचटीटीपी कॉल असं समजू नका. रिक्वेस्ट्स लायब्ररीने स्वतः पोस्ट मारला तर जे काही हाताने करावं लागेल ते सगळं हा सांभाळतो. कनेक्शन उघडी ठेवतो आणि परत वापरतो, चार नोड दिले तर आळीपाळीने सगळ्यांकडे जातो, एखादा नोड मेला तर त्याला काही काळ बाजूला ठेवून नंतर परत चाचपून बघतो, तारखा वगैरे जेसनमध्ये बदलून देतो, ऑथेंटिकेशन बघतो, एररचे पायथनचे नीट एक्सेप्शन करून देतो. आणि इलास्टिकसर्चची जवळजवळ प्रत्येक एपीआय इथे मेथड म्हणून असते, कारण हा कोड बराचसा एपीआयच्या स्पेसिफिकेशनवरून जनरेट केलेला असतो, त्यामुळे सर्व्हरमध्ये नवीन काही आलं की ते सगळ्यात आधी इथे मिळतं.

काय करत नाही तर तुमच्या क्वेरीत तो डोकावत नाही. तुम्ही डिक्शनरी दिली, त्याने ती तशीच पाठवली. मॅचच्या जागी मॅत्च लिहिलं तर सर्व्हर ४०० देईल तेव्हाच कळणार.

इथे तीन सेटिंग आहेत ज्या तुम्ही डीएसएल वापरलं तरी लागू होतात, कारण खालचा थर हाच आहे, म्हणून इथेच नीट बघून घ्या.

पहिलं टाइमआउट. डीफॉल्ट १० सेकंद आहे. युजरला दिसणाऱ्या सर्चसाठी हे फार जास्त आहे, कोणी १० सेकंद थांबत नाही, आणि रीइंडेक्ससारख्या, म्हणजे सगळी डॉक्युमेंट दुसऱ्या इंडेक्समध्ये (डॉक्युमेंटच्या साठ्यात) नव्याने ओतण्यासारख्या, जड कामाला हे फार कमी आहे. त्यामुळे एकच आकडा सगळीकडे न ठेवता ऑप्शन्स मेथडने कामानुसार वेगळा द्या.

दुसरं रीट्राय. क्लायंट डीफॉल्टने ३ वेळा परत प्रयत्न करतो, पण टाइमआउट झाला तर मात्र करत नाही, त्यासाठीचा रीट्राय-ऑन-टाइमआउट मुद्दाम बंद ठेवलेला आहे. कारण सरळ आहे, टाइमआउट झाला म्हणजे सर्व्हरने काम केलंच नाही असं नसतं, कदाचित डॉक्युमेंट लिहून झालं असेल आणि फक्त उत्तर यायला उशीर झाला असेल. अशा वेळी आयडी न देता इंडेक्स करत असाल आणि रीट्राय चालू असेल तर तेच डॉक्युमेंट दोनदा पडतं. सर्चसाठी हे बिनधास्त चालू करा, लिहिण्यासाठी चालू करायचं असेल तर आयडी स्वतः द्या.

तिसरं स्निफिंग. म्हणजे क्लायंट क्लस्टरला विचारतो की तुझ्याकडे कुठले कुठले नोड आहेत, आणि मग थेट त्यांच्याकडे जायला लागतो. ऐकायला छान वाटतं, पण क्लस्टर डॉकरमध्ये, लोड बॅलन्सरच्या मागे किंवा क्लाउडवर असेल तर नोड आपले आतले आयपी सांगतात, तिथपर्यंत तुमचा क्लायंट पोचूच शकत नाही, आणि पहिली रिक्वेस्ट गेली पण पुढच्या सगळ्या लटकल्या असा विचित्र प्रकार दिसतो. अशा ठिकाणी स्निफिंग बंदच ठेवा.

पायरी ३: हाय-लेव्हल तुम्हाला नक्की काय देतं

समजा लेखांचा एक मोठा संग्रह आहे. प्रत्येक लेखाला शीर्षक, मजकूर, टॅग, प्रकाशनाची तारीख आणि स्थिती आहे. शीर्षकात शब्द शोधायचा, टॅगवर गाळायचं, मसुदे वगळायचे, आणि बाजूला टॅगनिहाय किती लेख आहेत ते दाखवायचं.

लो-लेव्हलमध्ये याचा अर्थ एक डिक्शनरी, त्यात क्वेरी, त्यात बूल, त्यात मस्टची लिस्ट, फिल्टरची लिस्ट, मस्ट-नॉटची लिस्ट, आणि बाहेर टॅगनिहाय मोजणीसाठी वेगळं ॲग्रिगेशन. पाच थर खोल महिरपी कंस. वाचायला वाईट नाही खरं तर, किबानात जसं दिसतं तसंच दिसतं. डीएसएलमध्ये तेच सर्च ऑब्जेक्ट बनवून त्याला क्वेरी, फिल्टर, एक्सक्लूड अशा मेथड एकामागून एक जोडत जायचं, आणि फिल्टर लिहिलं की ते आपोआप बूलच्या फिल्टर कप्प्यात जातं.

पण हे एवढंच असतं तर मी म्हणालो असतो की राहू दे, एक थर कशाला वाढवायचा. खरी गंमत तेव्हा येते जेव्हा अटी ऐच्छिक असतात. युजरने टॅग निवडला असेल तर टॅगचा फिल्टर, तारीख दिली असेल तर रेंज, शब्दच दिला नसेल तर मॅच-ऑल आणि तारखेने सॉर्ट, ॲडमिन असेल तर मसुदे पण दाखवा. हे डिक्शनरीने करायला गेलं की बूल आहे का, त्यात फिल्टर की आहे का, नसेल तर रिकामी लिस्ट टाका, मग त्यात ॲपेंड करा, असा कोड व्हायला लागतो, आणि असे सहा इफ झाले की त्या फंक्शनला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. डीएसएलमध्ये प्रत्येक इफच्या आत एक ओळ, फिल्टर जोडला, संपलं. कंस कुठे उघडला कुठे मिटला हा प्रश्नच येत नाही. क्वेरी तुकड्यांना आणि, किंवा, नाही या चिन्हांनी जोडता येतं आणि त्याचं बरोबर बूल तयार होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्युमेंट क्लास. फील्डचे प्रकार एका क्लासमध्ये लिहायचे आणि त्यावरून इंडेक्सचं मॅपिंग (कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं याची नोंद) बनवायचं, म्हणजे मॅपिंग कोडमध्येच, व्हर्जन कंट्रोलमध्ये राहतं. मॅपिंग कोणाच्या तरी लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टमध्ये पडून असणं हे किती टीममध्ये चालतं ते बघितलं की याची किंमत कळते. तिसरं, उत्तरं डिक्शनरीऐवजी ऑब्जेक्ट म्हणून येतात, हिट डॉट टायटल असं लिहिता येतं, आणि आयडी, स्कोअर वगैरे मेटामध्ये वेगळे मिळतात.

पायरी ४: स्वतःला हे प्रश्न विचारा

युजरच्या निवडीप्रमाणे क्वेरीचा आकार बदलतो का? बदलत असेल तर डीएसएल, यावर फार विचार करायची गरज नाही. क्वेरी ठरलेली आहे, फक्त एक-दोन व्हॅल्यू बदलतात, तर लो-लेव्हल आणि साधी डिक्शनरी पुरते, उगाच थर वाढवू नका.

क्वेरी लिहितं कोण? रेलेव्हन्सवर (कुठला रिझल्ट वर यावा यावर) काम करणारा माणूस वेगळा असेल आणि तो किबानात बसून जेसन तयार करत असेल, तर ते जेसन जसंच्या तसं कोडमध्ये ठेवणं सगळ्यांच्या सोयीचं. ते डीएसएलमध्ये भाषांतर केलं की पुढच्या वेळी त्याने बदल सांगितला की परत भाषांतर, आणि मध्ये चुका.

मॅपिंगचा मालक कोण? तुमचंच ॲप इंडेक्स बनवत असेल तर डॉक्युमेंट क्लास फार उपयोगी. इंडेक्स दुसरीच टीम किंवा लॉगस्टॅशसारखं डेटा भरणारं टूल भरत असेल आणि तुम्ही फक्त वाचत असाल, तर डॉक्युमेंट क्लास लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या मॅपिंगची नक्कल ठेवणं, ती कधी ना कधी जुनी होणारच.

काम ॲडमिनचं आहे का? स्नॅपशॉट, एलियस (इंडेक्सचं टोपणनाव) बदलणं, क्लस्टर हेल्थ, रीइंडेक्स, लाइफसायकल पॉलिसी. इथे सरळ लो-लेव्हल, कारण एपीआय एकास एक तशाच्या तशा आहेत.

एका रिक्वेस्टमध्ये किती डॉक्युमेंट येतात? पानावर २० रिझल्ट दाखवायचे तर ऑब्जेक्ट बनवायचा खर्च कोणाला जाणवणारही नाही, तेवढा वेळ नेटवर्कवरच जातो. पण लाखो डॉक्युमेंट ओढून कुठल्या फाइलमध्ये टाकायची असतील तर प्रत्येक हिटचा ऑब्जेक्ट करत बसणं म्हणजे सीपीयू फुकट जाळणं, तिथे साध्या डिक्शनरीच बऱ्या.

पायरी ५: एकच क्वेरी दोन्हीत लिहा आणि ताडून बघा

तुमच्या ॲपमधली सगळ्यात किचकट क्वेरी घ्या, सोपी नको, सोप्या क्वेरीत दोन्ही सारख्याच चांगल्या दिसतात. किबानात चालणारं जेसन हाताशी ठेवा, मग तीच डीएसएलने बांधा आणि सर्च ऑब्जेक्टवर टू-डिक्ट मेथड कॉल करून काय जेसन तयार झालं ते छापा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. अर्ध्या तासात दोन गोष्टी कळतात, एक तर डीएसएल तुमच्या डोक्यातल्या अर्थाचंच जेसन बनवतंय का, आणि दुसरं म्हणजे तुमच्या क्वेरीला डीएसएल शोभतं की ओढूनताणून बसवावं लागतं. फंक्शन-स्कोअर, नेस्टेड, त्यात स्क्रिप्ट असं सगळं असेल तर डीएसएलचा कोड जेसनपेक्षाही अवघड वाचायला लागू शकतो, आणि तसं झालं तर ती क्वेरी जेसनमध्येच राहू द्या.

टू-डिक्टची सवय लावूनच घ्या. सर्व्हर न चालवता टेस्ट लिहायला पण हेच उपयोगी पडतं, टॅग दिला तर फिल्टरमध्ये तो आला का, न दिल्यास फिल्टर रिकामा आहे का, हे मिलिसेकंदांत तपासून होतं.

पायरी ६: डीएसएल घेतलंत तर या ठिकाणी पाय घसरतो

सगळ्यात पहिला खड्डा: सर्च ऑब्जेक्टवर फिल्टर कॉल केला की तो जागेवर बदलत नाही, नवीन कॉपी परत देतो. परत त्याच व्हेरिएबलमध्ये घेतलं नाही तर फिल्टर हवेत विरतो, एरर येत नाही, रिझल्ट मात्र जास्त येतात. आणि याच्या उलट ॲग्रिगेशनचं, तिथे बकेट जोडलं की ते जागेवरच बदलतं. एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन नियम, कारण काहीही असो, पाठ करून ठेवा.

रिझल्ट १०च का येतात हा कायमचा प्रश्न. तो डीएसएलचा नाही, इलास्टिकसर्चचा डीफॉल्ट साइझच १० आहे, पण पायथनचा फॉर लूप लिहिलेला असतो त्यामुळे माणसाला वाटतं की सगळे येतील. पानासाठी लिस्टसारखं स्लाइस करा. सगळेच हवे असतील तर स्कॅन आहे, पण त्यात क्रमाची खात्री नाही, स्कोअरने लावलेले रिझल्ट तिथे मिळणार नाहीत. आणि स्लाइस करत करत १०,००० च्या पुढे गेलात की सर्व्हर हात वर करतो, ती मॅक्स-रिझल्ट-विंडोची मर्यादा आहे. ती वाढवत बसू नका, खोल पानांसाठी सर्च-आफ्टर (शेवटच्या रिझल्टपासून पुढे जाणं) आणि पॉइंट-इन-टाइम (इंडेक्सचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) वापरा. एकूण किती सापडले हा आकडा पण आवृत्ती ७ पासून डीफॉल्टने १०,००० पर्यंतच अचूक मोजला जातो, त्यामुळे स्क्रीनवर नेमका १०,००० दिसला तर लगेच खूश होऊ नका, ट्रॅक-टोटल-हिट्स बघा.

सर्च ऑब्जेक्टवर लूप चालवला की क्वेरी तेव्हाच जाते आणि उत्तर त्याच ऑब्जेक्टमध्ये साठवून ठेवलं जातं. तोच ऑब्जेक्ट परत फिरवला तर सर्व्हरला परत विचारत नाही, ताजं हवं असेल तर एक्झिक्यूटला इग्नोर-कॅश सांगावं लागतं. टेस्टमध्ये डॉक्युमेंट टाकून लगेच शोधता आणि सापडत नाही त्यात मात्र बहुतेक वेळा हे कारण नसतं, तिथे रीफ्रेशचा प्रश्न असतो. इलास्टिकसर्च डीफॉल्टने साधारण सेकंदाने एकदा नवीन डॉक्युमेंट शोधण्यालायक करतं, त्यामुळे टेस्टमध्ये रीफ्रेश हाताने करा आणि प्रॉडक्शनमध्ये प्रत्येक लिखाणाला रीफ्रेश लावायचा मोह टाळा.

फील्डच्या नावात डॉट असेल तर पायथनच्या आर्ग्युमेंटमध्ये डॉट लिहिता येत नाही, म्हणून डीएसएलमध्ये दोन अंडरस्कोर लिहितात. ओआरएमची (क्लासमधून डेटाबेस वापरण्याची) सवय असलेल्यांना ते बघून वाटतं की इथे पण जॉइन होतंय. काहीही जॉइन होत नाही, फक्त डॉट लिहिला जातो.

आणि डॉक्युमेंट क्लास लिहिला पण इनिट (क्लासवरून इंडेक्स आणि मॅपिंग बनवणारी मेथड) कॉल करायचा राहिला तर? सेव्ह बिनतक्रार चालतं, कारण इंडेक्स नसेल तर इलास्टिकसर्च आपला आपण बनवतं आणि मॅपिंग अंदाजाने ठरवतं. तुम्ही क्लासमध्ये टॅगला कीवर्ड (अख्खी व्हॅल्यू जशीच्या तशी) लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो टेक्स्ट (शब्दांत तोडलेला) झालेला असतो आणि खाली कीवर्ड नावाचं सबफील्ड. मग टर्म फिल्टर काही देत नाही आणि माणूस क्वेरीत चूक शोधत बसतो. फील्डचा प्रकार नंतर जागेवर बदलता येत नाही, नवीन इंडेक्स बनवून रीइंडेक्स करावं लागतं. म्हणून इनिट डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये टाका, आणि इंडेक्सला थेट नावाने न बोलावता एलियसने बोलवा म्हणजे रीइंडेक्सची वेळ आली तरी ॲपला कळणार पण नाही.

पायरी ७: बल्कचं काम लो-लेव्हलनेच करा

बल्क म्हणजे एकाच रिक्वेस्टमध्ये अनेक डॉक्युमेंट पाठवणं, आणि याबाबतीत मी जरा हट्टी आहे. डॉक्युमेंट क्लासवर सेव्ह मेथड आहे म्हणून लूपमध्ये एकेक सेव्ह करणारा कोड लिहू नका, प्रत्येक सेव्ह म्हणजे एक वेगळी एचटीटीपी रिक्वेस्ट, दोन लाख डॉक्युमेंट असतील तर दोन लाख फेऱ्या. क्लास हवा असेल तर ठेवा, पण त्याचं टू-डिक्ट मेटासकट काढून हेल्पर्समधल्या बल्कला द्या, दोन्हीचा फायदा मिळतो.

बल्क हेल्पर डीफॉल्टने ५०० डॉक्युमेंटचा एक घास करतो आणि एका रिक्वेस्टची वरची मर्यादा १०० एमबी धरतो. सर्व्हरची स्वतःची एचटीटीपी बॉडीची डीफॉल्ट मर्यादा पण १०० एमबीच आहे, पण तिथपर्यंत जायचं कारण नाही, डॉक्युमेंट मोठी असतील तर घास लहान करा आणि वेग मोजून ठरवा.

बल्कबद्दल सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही डॉक्युमेंट नापास झाली तरी एचटीटीपीचं उत्तर २०० च येतं, आत एरर्स नावाचा झेंडा खरा असतो आणि प्रत्येक आयटमचा निकाल वेगळा दिलेला असतो. बल्क एपीआय थेट वापरत असाल तर हा झेंडा तपासणं तुमच्यावर आहे. हेल्पर वापरला तर तो डीफॉल्टने एक्सेप्शन टाकतो, पण एका वाईट डॉक्युमेंटमुळे अख्खं काम थांबू नये असं वाटत असेल तर रेझ-ऑन-एरर बंद करून चुकांची यादी वेगळी लिहून ठेवा. स्ट्रीमिंग-बल्कमध्ये सर्व्हरने ४२९ दिला, म्हणजे दम घे म्हणाला, तर किती वेळा परत प्रयत्न करायचा ते सांगता येतं, आणि ते डीफॉल्टने शून्य आहे! म्हणजे तुम्ही आकडा दिला नाही तर काहीच परत पाठवलं जात नाही. पॅरलल-बल्कची वेगळीच तऱ्हा, तो जनरेटर देतो, त्यावर लूप फिरवला नाही तर एकही डॉक्युमेंट जात नाही आणि स्क्रिप्ट एका क्षणात यशस्वी झाल्यासारखी संपते.

पायरी ८: फ्रेमवर्कचा तिसरा थर हवाच का?

जँगोसाठी जँगो-इलास्टिकसर्च-डीएसएल आहे, रेल्ससाठी सर्चकिक आणि च्युई आहेत, जावात स्प्रिंग डेटा आहे. मॉडेल सेव्ह झालं की इंडेक्स आपोआप अपडेट, हे यांचं मुख्य आकर्षण. छोट्या ॲपला मस्त. पण जँगोमध्ये हे सिग्नलवर चालतं, आणि क्वेरीसेटचा अपडेट किंवा बल्क-क्रिएट सेव्हचे सिग्नल पाठवतच नाही, त्यामुळे डेटाबेसमध्ये एक आणि सर्चमध्ये दुसरंच अशी स्थिती हळूहळू तयार होते आणि कोणाला पत्ता लागत नाही. हा थर घ्यायचाच असेल तर सगळं पुन्हा इंडेक्स करायची कमांड पहिल्या दिवसापासून तयार ठेवा आणि अधूनमधून दोन्हीकडचे आकडे ताडा. मला विचाराल तर डीएसएलपर्यंतच थांबा आणि अपडेट एखाद्या क्यूमधून स्वतः पाठवा, थोडा जास्त कोड पण कुठे काय होतंय ते दिसतं तरी.

पायरी ९: आवृत्ती आणि लायब्ररीचं आयुष्य

क्लायंटची मोठी आवृत्ती सर्व्हरच्या मोठ्या आवृत्तीशी जुळवा, ८ ला ८. सर्व्हरची किरकोळ आवृत्ती पुढे गेली तरी जुना क्लायंट चालतो, पण ९ चा क्लायंट ८ च्या सर्व्हरशी बोलायला गेला तर सर्व्हर रिक्वेस्ट नाकारतो, कारण हेडरमध्ये ९ ची भाषा मागितलेली असते. म्हणून अपग्रेड करताना आधी सर्व्हर, मग क्लायंट, आणि रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये वरची मर्यादा लिहून ठेवा.

ओपनसर्च वापरत असाल तर त्याचा स्वतःचा क्लायंट घ्या. २०२१ मध्ये इलास्टिकसर्चचं लायसन्स बदललं तेव्हा ॲमेझॉनने त्याच्या ७.१० पासून तो फाटा काढला, आणि ७.१४ पासूनचे इलास्टिकचे क्लायंट समोरचा सर्व्हर खरंच इलास्टिकसर्च आहे का ते तपासतात, नसेल तर अनसपोर्टेड प्रॉडक्ट म्हणून थांबतात. ओपनसर्च-पायमध्ये डीएसएलचा भाग आतच दिलेला आहे, त्यामुळे या लेखातलं बरंचसं तिथेही तसंच लागू होतं.

आता इतर भाषा, आणि इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जावात लो-लेव्हल रेस्ट क्लायंट ५.० सोबत आला, त्यावर हाय-लेव्हल रेस्ट क्लायंट आला, तो सर्व्हरचाच कोर कोड डिपेंडन्सी म्हणून सोबत ओढायचा, आणि ७.१५ मध्ये तो डेप्रिकेट करून नवीन जावा एपीआय क्लायंट दिला. ज्यांनी सगळीकडे हाय-लेव्हलचे क्लास पसरवले होते त्यांना सगळीकडे बदलावं लागलं. डॉटनेटमध्ये इलास्टिकसर्च-डॉट-नेट आणि त्यावर नेस्ट असे दोन होते, ८ मध्ये दोघांच्या जागी एकच नवीन क्लायंट आला. पायथनमध्ये डीएसएल ८.१८ पासून मुख्य पॅकेजमध्येच विलीन झालं, तिथे सुदैवाने बहुतेक ठिकाणी इम्पोर्टची ओळ बदलली की काम होतं. पीएचपीत ऑफिशियल क्लायंट लो-लेव्हल आणि हाय-लेव्हलसाठी इलास्टिका. गोच्या ऑफिशियल क्लायंटमध्ये कच्ची आणि टाइप्ड अशी दोन्ही तोंडं आहेत. जावास्क्रिप्टमध्ये हा वाद फारसा होतच नाही, तिथे जेसन म्हणजे भाषेतलाच ऑब्जेक्ट, स्प्रेड वापरून तुकडे जोडले की झालं. पुढेमागे बदलतो तो वरचा थर, खालचं क्वेरीचं जेसन त्यामानाने खूपच स्थिर राहिलंय, आणि म्हणूनच पहिल्या पायरीवर मी एवढा अडून बसलो होतो.

पायरी १०: कोडमध्ये मांडणी कशी करायची

कनेक्शन एकदाच, ॲप सुरू होताना बनवा, प्रत्येक रिक्वेस्टला नवीन क्लायंट बनवलात तर कनेक्शन पूल असून नसल्यासारखा. तोच ऑब्जेक्ट डीएसएलला यूझिंगमध्ये द्या, म्हणजे टाइमआउट, रीट्राय सगळं एकाच जागी राहील. वर्कर प्रोसेस फोर्क करत असतील तर क्लायंट फोर्क झाल्यानंतर बनवा. असिंक ॲप असेल तर असिंक क्लायंट वेगळा आहे, साधा क्लायंट इव्हेंट लूपमध्ये वापरलात तर सगळंच थांबतं.

सर्चचं एक वेगळं मॉड्यूल करा. बाहेरून साध्या गोष्टी आत येतील, शब्द, टॅगांची लिस्ट, तारखा, पान क्रमांक, आणि बाहेर तुमचे स्वतःचे साधे ऑब्जेक्ट जातील. सर्च ऑब्जेक्ट किंवा हिट व्ह्यूपर्यंत, टेम्प्लेटपर्यंत पोचू देऊ नका, नाहीतर उद्या लायब्ररी बदलली की जावावाल्यांसारखं अख्खं घर उपसावं लागेल.

युजरने टाइप केलेला मजकूर स्ट्रिंग जोडून जेसनमध्ये कधीच घालू नका, डिक्शनरी किंवा डीएसएलमधूनच जाऊ द्या. आणि तो मजकूर क्वेरी-स्ट्रिंग प्रकाराला देऊ नका, एखादा कंस उघडा राहिला तरी ती एरर देते आणि शिवाय युजर तिथून नको त्या फील्डमध्ये पण शोधू शकतो. मॅच किंवा मल्टी-मॅच बरं, ऑपरेटर द्यायचेच असतील तर सिंपल-क्वेरी-स्ट्रिंग, ती चुकीचा भाग सोडून देते. यात लो-लेव्हल आणि हाय-लेव्हल दोन्ही सारखेच, कुठलीच लायब्ररी तुम्हाला वाचवत नाही.

आधीपासून लो-लेव्हल डिक्शनरींनी भरलेला कोड असेल तर एकदम सगळं बदलायला बसू नका. सर्चमध्ये फ्रॉम-डिक्ट आहे, जुनी डिक्शनरी त्याला द्या आणि त्यावर पुढचे फिल्टर डीएसएलने जोडा. किचकट फंक्शन-स्कोअर कच्चा ठेवायचा असेल तर क्यू फंक्शनला थेट डिक्शनरी देता येते. सुरुवात त्या एका फंक्शनपासून करा ज्यात सगळ्यात जास्त इफ आहेत, जुन्या आणि नव्याचं जेसन तेच येतंय का हे टेस्टमध्ये ताडून घ्या, आणि जी फंक्शन साधी आहेत, चालतायत, त्यांना हातही लावू नका.